ब्रेकवर पाय ठेवला की खडखड बंद!

प्रश्न : माझी मारुती ८०० २००५ सालची आहे. खराब रस्त्यावर पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले, तरी आवाज तसाच. ब्रेकवर हलका पाय ठेवला की मात्र थांबतो. आता गॅरेजवाले लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदला म्हणतात. बदलू का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आर्म इतक्यात घेऊ नका. दुखणं तुमच्या प्रश्नातच आहे. आर्मचा बुश (त्याच्या सांध्यातलं रबर) गेला असेल, तर ब्रेक दाबताना उलट एक दणका बसतो. हलक्या ब्रेकने खडखड थांबते, म्हणजे बहुधा कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) काहीतरी मोकळं आहे आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, आवळले की ते हलायचं थांबतं.

चाकाचे चारही नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक लावून गाडी स्टँडवर (लोखंडी टेकूवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका. चाक काढून कॅलिपर हाताने हलवा. पिनांवर तो आत-बाहेर थोडा सरकणारच. पण वर-खाली खडखडला, तर पिना झिजल्यात किंवा बोल्ट सैल आहेत. पिनांचे रबरी बूट (टोप्या) फाटले की आत धूळ-पाणी जातं, ग्रीस सुकतं आणि झीज सुरू होते. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगच्या साध्या ग्रीसने रबर फुगतं.

पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा जागेवर आहेत का, तेही बघा. पॅड बदलताना ‘यांचं काही काम नाही’ म्हणून त्या फेकून द्यायची खोड अनेक गॅरेजांत आहे, आणि नंतर नेमकी हीच खडखड मागे लागते. कॅलिपर उतरवलात, तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा.

इथे सगळं ठीक निघालं, तर चाक पुन्हा चढवा आणि अधांतरी असतानाच वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुतेक बॉल जॉइंट (आर्मला चाकाकडच्या भागाशी जोडणारा गोल सांधा). बॉल जॉइंट सैल असेल, तर तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका. डावी-उजवीकडे धरून खेळ लागला, तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा. तो बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट (दिशा जुळवणं) करावंच लागतं.

आर्मचे बुश बदलायची वेळ आलीच, तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायला सांगा. चाक लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

प्रश्न : जुन्या सँट्रोत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली, की कट-कट वाजतं. सरळ जाताना काही नाही. (एक वाचक, लातूर)

उत्तर : ॲक्सलचा चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा). त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालं असणार. चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतील. वाजायला लागल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही, जॉइंटच बदला.