‘अश्लील’मधली श्री

प्रश्न आलाय की अश्लील हा शब्द कुठून आला आणि देवळांवरच्या मिथुनशिल्पांना, म्हणजे स्त्री-पुरुष जोडप्यांच्या शिल्पांना, तो लावणं बरोबर आहे का.

या शब्दाच्या पोटात चक्क श्री आहे. ज्याला श्री नाही, शोभा नाही ते अश्रील, मग र चा ल होऊन अश्लील. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गायींचं सूक्त आहे, त्यात अश्रीर असं जुनं रूप येतं, तुम्ही हडकुळ्याला धष्टपुष्ट करता, अश्रीराला देखणं करता असं गायींना म्हटलंय, म्हणजे तिथे अर्थ नुसता कुरूप, निस्तेज एवढाच, उघडंनागडं वगैरे काही नाही.

पुढे मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाश या ग्रंथात अश्लीलाचे तीन प्रकार केले, लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. हा तिसरा प्रकार मराठी घरांत अजून जिवंत आहे, फक्त आपण त्याला अश्लील म्हणत नाही. माझी आजी मंगळसूत्र तुटलं असं कधी तोंडातून काढायची नाही, वाढलं म्हणायची, बांगडीही वाढवायची, नारळही वाढवायचा, आणि निघताना कोणी जातो म्हणालं की लगेच येतो म्हण असं सांगायची. मम्मटाला विचारलं असतं तर तुटलं, जातो हेच अश्लील!

आजचा लैंगिक अर्थ एवढा घट्ट बसला त्यात कायद्याचा मोठा हात आहे असं मला वाटतं. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेतल्या कलम २९२ मधल्या ऑब्सीनला आपण अश्लील शब्द दिला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर खटला झाला तो अश्लीलतेचाच, १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्याच कलमात देवळांवरची, मूर्तींच्या रथांवरची शिल्पं-चित्रं मात्र वगळली होती, आणि २०२४ मध्ये त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती वगळलेलीच आहेत. म्हणजे तीच आकृती दगडात देवळावर असली तर चालते, आणि आजच्या चित्रकाराने कॅनव्हासवर काढली तर त्याला ही सूट नाही, कलेचं मूल्य वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. मला हे फार खटकतं.

आता शिल्पांचं. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात देवळाच्या दाराबद्दल सांगतो की मंगल पक्षी, स्वस्तिक, घट, मिथुनं, पानवेली यांनी ते सजवावं, आणि तिथे क्रियापद आहे उपशोभयेत्, शोभा आणावी. खजुराहोची उघड शिल्पं त्याच्यानंतर चारेक शतकांनी आली, ती त्याच्या डोळ्यापुढे नव्हती हे खरं, पण स्वस्तिकाच्या ओळीत बसलेलं मिथुन श्री आणायला होतं, त्याला अश्लील म्हणणं शब्दाच्या मूळ अर्थाने तरी चूकच.