चित्रासाठी जुन्या डेस्कटॉपला फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय पोर्ट, नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय. कसं जोडू?

आधी डीव्हीआय वापरा. डीव्हीआय आणि एचडीएमआय दोन्हींतला डिजिटल सिग्नल एकाच पद्धतीचा असतो, त्यामुळे साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते. १९२० बाय १०८० चं चित्र ६० हर्ट्झला व्यवस्थित येतं. आवाज मात्र बहुतेक जुन्या मशीनमधून या वाटेनं येत नाही, स्पीकर पीसीच्या हिरव्या ऑडिओ जॅकमध्येच ठेवा.

व्हीजीएचा मामला वेगळा. ते १९८७ सालचं, १५ पिनांचं अ‍ॅनालॉग कनेक्शन. नाशकात एम. जी. रोडला खरेदीला गेलात तर व्हीजीए-एचडीएमआयची नुसती केबल गळ्यात मारून घेऊ नका. मी पंचवटीतल्या मामांच्या पीसीसाठी तीच आणली आणि दोन संध्याकाळी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारी चिप आत असलेला कन्व्हर्टर लागतो, शक्यतो यूएसबीतून वीज घेणारा. दिशाही बघून घ्या: व्हीजीएकडून एचडीएमआयकडे. उलट्या दिशेचा तुमच्या कामाचा नाही.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर एक डीव्हीआयवर, दुसरा व्हीजीएवर चालू शकतो. मग कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा.

आणि हो, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डालाच लावा. कार्ड असलं की मदरबोर्डचे पोर्ट बऱ्याचदा आपोआप बंद होतात, आणि माणूस उगाच मॉनिटरला दोष देतो.