वाचकांचे प्रश्न : खिडकी, घड्याळ आणि स्क्रॅपबुकचं पान

प्रश्न : माझ्या स्क्रॅपबुकची सगळी पानं एकसारखी दिसतात. मधोमध फोटो, वर शीर्षक, खाली दोन ओळी. रोजच्या वस्तू नीट पाहिल्या की नवी मांडणी सुचते म्हणतात, पण खिडकीकडे कितीही वेळ पाहिलं तरी मला खिडकीच दिसते!

उत्तर : कारण तुम्ही तिचं लाकूड, काच आणि रंग बघता. मांडणीला त्यातलं काही लागत नाही. चौकटी किती, मोठी कोणती, मधल्या फटी केवढ्या आणि रिकामं कुठे सोडलंय, एवढंच लागतं. वस्तूचा अगदी समोरून मोबाइलवर फोटो घ्या, तो कृष्णधवल करा आणि डोळे किलकिले करून पाहा. तपशील पुसले जाऊन गडद-फिकट ठोकळे उरतात. ते ५ सेंटिमीटरच्या चौकोनात पेन्सिलीने काढा. आठ-दहापेक्षा जास्त रेघा लागल्या तर तुम्ही मांडणी सोडून पुन्हा वस्तूचं चित्र काढताय, असं समजा.

यानंतर मोजमाप. हे टाळल्यामुळेच बहुतेक पानं फसतात. समजा खिडकीला वर तीन आणि खाली तीन अशा सहा काचा आहेत आणि पान १२ बाय १२ इंचांचं आहे. चारही बाजूंनी अर्धा इंच समास सोडला की ११ इंच उरतात. दोन फोटोंमधली फट पाव इंच धरा. आडव्यात अशा दोन फटी येतात, म्हणून फोटोची रुंदी साडेतीन इंच. उभ्यात एकच फट, म्हणून उंची ५.३७५ इंच. नेहमीचा ४ बाय ६ चा उभा फोटो कडेने जेमतेम कापला की इथे बसतो. सहाही चौकटी फोटोंनी भरू नका, एक मजकुरासाठी ठेवा. फटी मात्र सगळ्या सारख्याच हव्यात. एक फट पाव इंचाची आणि शेजारची थोडी मोठी झाली तर डोळा आधी तिथेच अडकतो. दर वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची पाव इंच रुंद पट्टी कापून घ्या आणि दोन फोटोंमध्ये ठेवून चिकटवत जा.

सगळं चौकटीत बसवायचा कंटाळा आला असेल तर शर्टाची पुढची बाजू पाहा : एक उभी बटणपट्टी, तिच्यावर सारख्या अंतराने ठिपके आणि एकाच बाजूला खिसा. पानावर डावीकडून ४ इंचांवर दीड इंच रुंद उभी पट्टी लावा. उजवीकडे, वरच्या भागात ४ बाय ४ चा एकच फोटो आणि त्याच्याखाली मजकूर. डावी बाजू मोकळी सोडा. तिथे काहीतरी चिकटवायला हात शिवशिवतील, पण पानाचा तोल त्या रिकाम्या जागेवरच आहे. पुस्तकांच्या कपाटातून उभे अरुंद फोटो आणि शेवटी कललेलं एक पुस्तक उचलता येतं. फक्त कललेला फोटो ८-१० अंश तरी कलू द्या. दोन अंशांचा कल बघणाऱ्याला चूक वाटतो.

प्रश्न : भिंतीवरच्या घड्याळावरून गोल मांडणी केली, बारा आकड्यांच्या जागी बारा फोटो. पान गिचमिड झालं आणि कुणाचा चेहराच ओळखू येत नाही. काय चुकलं?

उत्तर : कल्पना चांगली आहे, आकडा जास्त झाला. पानाच्या मध्यापासून साडेचार इंचांवर बारा सरळ चौरस मांडले तर एकाची बाजू दीड इंचाच्या आसपासच ठेवावी लागते. त्याहून मोठे घेतले की एक आणि दोनच्या जागेवरचे फोटो कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. दीड इंचात घोळक्याचा फोटो म्हणजे नुसते ठिपके.

एक आड एक आकडा गाळून सहाच फोटो घ्या : १२, २, ४, ६, ८ आणि १० यांच्या जागी. त्यांचे मध्यबिंदू पानाच्या मध्यापासून ४ इंचांवर ठेवले तर प्रत्येक फोटो ३ बाय ३ इंचांचा घेता येतो, वर-खाली अर्धा इंच समासही राहतो. मधोमध जवळजवळ ४ इंच रुंद आणि ५ इंच उंच जागा मिळते, शीर्षक आणि मजकूर तिथे. खुणा करायला कंपास हलक्या हाताने फिरवा, टोक दाबलं तर पानाला मधोमध भोक पडतं.

प्रश्न : मांडणीसोबत खरी वस्तूही लावली : तिकीट, वर्तमानपत्राचं कात्रण, एक बटण. काही महिन्यांत तिकिटावरची छपाई उडाली, कात्रणाच्या मागचा कागद पिवळा पडला आणि पान वाकडं झालं.

उत्तर : तिन्ही दुखणी वेगळी आहेत. मशीनमधून निघणारी बरीच तिकिटं आणि पावत्या थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. उजेड, ऊब आणि काही प्रकारचे गोंद तो फिका करतात. उडालेली अक्षरं परत येत नाहीत. म्हणून तिकीट हातात आलं की लगेच स्कॅन करा आणि पानावर छापील प्रत लावा.

वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य उरलेलं असतं. त्यामुळे तो पिवळा आणि आम्लधर्मी होतो आणि ते आम्ल शेजारच्या कागदातही उतरतं. इथेही प्रतच लावा, तीही आम्लमुक्त कागदावर.

पान वाकडं होण्याचं कारण बहुधा पातळ गोंद. त्यातल्या पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना एका बाजूने आकसतात. फोटोंसाठी दुतर्फा चिकटपट्टी किंवा फोटोचे कोपरे, म्हणजे फोटोची टोकं अडकवायचे छोटे त्रिकोणी खिसे, वापरा. फोटो पुढे कधी काढावा लागला तर कोपरेच बरे. बटण सुईदोऱ्याने शिवा आणि त्याच्यासमोरच्या पानावर त्या जागी फोटो ठेवू नका, वही मिटल्यावर बटणाचा वळ उमटतो. पिना, टाचण्या, क्लिपा लावूच नका. गंजाचा डाग कागदातून जात नाही.

प्रश्न : रंग कुठून घ्यावेत?

उत्तर : मांडणी ज्या वस्तूवरून घेतली तिच्यावरून नव्हे, फोटोतून घ्या. फोटोतला सर्वांत जास्त पसरलेला शांत रंग पार्श्वभूमीला, दुसरा पट्ट्यांना. तिसरा, भडक रंग अगदी थोडा आणि तीन ठिकाणी, त्रिकोणात. एखादं नक्षीचं कापड आवडलंच असेल तर त्याचा तुकडा आधी फोटोशेजारी ठेवून पाहा. नजर पहिल्यांदा कापडाकडे गेली तर ते या पानाचं नाही.