इव्हेंट बसवर ऑफ लिहूनही लिसनर दोनदा-तीनदा का चालतो?

तुम्ही लिहिलंय की व्ह्यू 3 मध्ये मिट (कंपोनंट्समध्ये इव्हेंट पाठवणारी छोटी इव्हेंट बस लायब्ररी) वापरताय, 'ऑर्डर सेव्ह झाली' हा मेसेज आधी एकदाच येतो, पण दुसऱ्या पेजवर जाऊन परत आलं की दोनदा, मग तीनदा, आणि ऑनअनमाउंटेडमध्ये (पेज काढलं जातं तेव्हा चालणारा कोड) ऑफ, म्हणजे लिसनर काढायची ओळ, लिहिलेली असूनही हेच. मग एमिटच्या, म्हणजे इव्हेंट पाठवण्याच्या, मागे लागू नका, तो बहुतेक एकदाच होतोय. लिसनर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारी फंक्शन्स, साठतायत.

ऑन (लिसनर जोडणारी) आणि ऑफच्या ओळी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे अ‍ॅरो फंक्शन जागेवरच लिहिलंय का? दिसायला अगदी सारखी असली तरी जावास्क्रिप्टसाठी ती दोन वेगळी फंक्शन्स आहेत, त्यामुळे ऑफला यादीत काही सापडत नाही आणि तो गुपचूप परत येतो, ना एरर ना वॉर्निंग. बाइंडचंही तेच, दरवेळी नवीन फंक्शन. फंक्शन एका कॉन्स्टमध्ये ठेवा आणि दोन्हीकडे तेच द्या. आणि प्लीज, नुसतं इव्हेंटचं नाव देऊन ऑफ करू नका, मिट 3 मध्ये त्याने त्या इव्हेंटचे सगळेच लिसनर उडतात, म्हणजे तुमचा मेसेज बरोबर येईल पण त्याच इव्हेंटवर चालणारा हेडरमधला ऑर्डरचा आकडा बदलायचा बंद होईल आणि तो बग दुसराच कोणीतरी शोधत बसेल.

पेज कीप-अलाइव्हमध्ये (व्ह्यूची पेज मेमरीत राखून ठेवणारी सोय) असेल तर ते अनमाउंट होतच नाही, तिथे ऑनअ‍ॅक्टिव्हेटेडमध्ये ऑन केलं असेल तर ऑफ ऑनडिअ‍ॅक्टिव्हेटेडमध्येच हवा.

खात्री करायला मिटचा ऑल नावाचा मॅप आहे, त्यातून तुमच्या इव्हेंटची यादी काढून तिची लेंग्थ कन्सोलवर छापा. आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात कोणी असा बग घेऊन आलं की मी आधी हाच आकडा विचारतो. पेजवर ये-जा केल्यावर वाढत गेला तर गळती नक्की. नोडचा इव्हेंटएमिटर एका इव्हेंटवर 10 पेक्षा जास्त लिसनर झाले की स्वतःहून वॉर्निंग देतो, मिट देत नाही.

एमिट कुठून होतोय हे बघायचं तर लिसनरमध्ये ब्रेकपॉइंट लावा, एमिट सिंक्रोनस असल्यामुळे कॉल स्टॅकमध्ये बोलावणारा सरळ दिसतो. पण त्याचमुळे एका लिसनरने एरर फेकला की त्याच्या मागचे चालतच नाहीत, आणि स्टारवाला (सगळे इव्हेंट ऐकणारा) लिसनर तर सगळ्यात शेवटी येतो, म्हणून लॉगिंग त्यावर ठेवू नका, एमिटलाच रॅप करा, आधी लॉग मग मूळ एमिट. तरी सुटलं नाही तर तो लॉग इथे टाका, बघतो.