लहान मुलांचा न्यूमोनिया किती दिवसांत वाढतो?

दिवस मोजून काही कळत नाही, श्वास मोजा. काही पोरांचं सर्दीनंतर चार-पाच दिवसांनी बिघडतं, माझ्या पोराचं एका रात्रीत बिघडलं.

अकरा महिन्यांचा होता, जुलै महिना, कोल्हापुरात पाऊस असा की दुपटी चार-चार दिवस वाळत नव्हती. तीन दिवस नाक गळणं, खोकला, ताप, आणि चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून घरात सगळे खूश. सासूबाईंनी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकली. नणंद म्हणाली, "वैनी, दात यायलेत त्याला, तू लई टेन्शन घेतीयास." पण दूध दोन घोट घ्यायचा, सोडायचा, परत धापा टाकायचा. रात्री झोपल्यावर बनियन वर केलं तर श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुगत होत्या. मोबाईलवर एक मिनिट लावून पोटाचं वरखाली मोजलं, ६४! नवरा म्हणे सकाळी बघू. मी शेजारच्या काकांना रात्री दोनला ओमनी काढायला लावली. दवाखान्यात पायाच्या अंगठ्याला क्लिप लावली, ऑक्सिजन ८८. पाच दिवस ॲडमिट.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत पू-पाणी भरतं, ऑक्सिजन कमी पडतो म्हणून पोर भराभर श्वास घेतं, मग बरगड्या ओढतं, कण्हतं, आणि शेवटी दूध सोडून मलूल पडतं. त्या मलूल पडण्याला "शांत झोपलाय की" म्हणणारी माणसं आमच्याच घरात होती.

दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पुढं पाच वर्षांपर्यंत ४०, एवढे किंवा जास्त श्वास दिसले की दवाखाना गाठा, आणि बरगड्या ओढत असतील तर मोजत बसूच नका. हां, रडताना आणि तापात श्वास वाढतोच, म्हणून पोर शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं. मी डॉक्टर नाही. सगळा न्यूमोनिया बॅक्टेरियाचा नसतो, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक पाजू नका. न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियावरची) लस सरकारीत फुकट आहे, दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना, ती चुकवू नका.

नणंद अजून म्हणते पोरगं शेकानं बरं झालं. ओव्यानं ऊब मिळते, नाही कोण म्हणतंय, पण ८८ चे ९६ ओव्यानं झाले नाहीत. फाईल कपाटात आहे, यावं आणि बघावं.