गावातल्या कृषी प्रशिक्षणाला बायका का दिसत नाहीत? त्यांना आणायचं कसं?

तुम्ही विचारलंय की चाळीस जणांच्या प्रशिक्षणात बायका दोनच, त्याही बचत गटाच्या अध्यक्ष आणि सचिव, असं का? बायकांना आवड नाही, हे कारण मला अजिबात पटत नाही. यादी निघते सातबाऱ्यावरून, निरोप जातो नवऱ्याच्या व्हॉट्सॲपवर आणि वेळ ठरते सकाळी अकराची. तेव्हा बाई खुरपायला गेलेली असते. रोजगार बुडवून कशी येईल?

नुकसान कुठं होतं बघा. फवारणीचा पंप गड्याच्या पाठीवर, पण बादलीत औषध कालवून देते बाई, पुष्कळदा उघड्या हातांनी. पंपातलं औषध पातळ झालेलं असतं, डब्यातलं जहाल. हातमोजे आधी तिला हवेत आणि शिकवलं जातं त्याला!

सोयाबीनचंही तेच. घरचं बियाणं निवडते ती. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करायची, सावलीत ओलसर ठेवायची. आठवड्यात ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरतं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. पेरणीआधी लावायचा क्रम बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत (पाकिटातलं, १० किलोला २५० ग्रॅम). क्रम उलटा झाला तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं टरफल पातळ, घमेल्यात जोरात चोळलं की सोलतं आणि उगवण जाते. हा हात फळ्यावर शिकवून बसत नाही.

म्हणून यादी बचत गटाच्या वहीवरून करा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेली आणि मजुरीला जाणारी बाईही येईल. (पतीच्या संमतीनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तलाठ्याकडे चौकशी करा.) प्रशिक्षण गटाच्या बैठकीला जोडून, अंगणवाडीजवळ घ्या, लेकरं सांभाळायची अडचण राहत नाही. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास जातात, ती उन्हाळ्यातच परततात. तिकडे मे महिनाच धरा.

'आत्मा' म्हणजे शेतकरी प्रशिक्षणाची जिल्ह्याची सरकारी यंत्रणा. तिच्या मार्गदर्शक सूचनांत किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी आहे. तालुका कृषी कार्यालयात गटाचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात विषय स्वतः लिहा, 'बीजप्रक्रिया व फवारणीतली सुरक्षा'. नुसतं 'महिला प्रशिक्षण' लिहिलंत तर पापड-लोणची पदरात पडतात. तुकडी पंचवीसची ठेवा, प्रत्येकीपुढं किलोभर बियाणं आणि हातमोज्यांचा जोड असू द्या.