मुदत ठेव सांगून विमा पॉलिसी: खासदारांकडे जावे की लोकपालाकडे?

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार लिहितात की, बेदाण्याच्या पट्टीचे 2 लाख रुपये मुदत ठेवीत ठेवायला ते बँकेत गेले असता त्यांच्या गळ्यात आयुर्विमा पॉलिसी मारली गेली आणि आता तेवढ्याच रकमेच्या दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली आहे. कमिशनच्या लोभाने हे घडते, मग कमिशनचे नियम संसदेकडून रद्द करून घेण्यासाठी खासदारांना निवेदन द्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

निवेदन अवश्य द्या. मात्र त्यातून आपले पैसे परत मिळणार नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाने 2023 मध्ये कमिशनवरील पॉलिसीनिहाय कमाल मर्यादा काढून कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाची मर्यादा तेवढी ठेवली, आणि माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने हा बदल फारसा हिताचा नाही. प्राधिकरणाचे विनियम (म्हणजे त्याने केलेले नियम) 1999 च्या विमा नियामक प्राधिकरण कायद्यातील कलम 27 नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर 30 दिवस ठेवावे लागतात, आणि दोन्ही सभागृहे सहमत झाल्यास ते बदलता किंवा रद्द करता येतात; परंतु तसे झाले तरी त्याआधी त्या विनियमांखाली झालेल्या व्यवहारांच्या वैधतेला बाधा येत नाही, असे तेच कलम सांगते. संसदेची दुय्यम विधिविधान समिती अशा विनियमांची छाननी करते, व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करत नाही.

कमिशन घेणे हा मुळात गुन्हा नाही. आपली बाजू उभी राहते ती खोट्या माहितीवर. म्हणून कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रत आणि पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण लेखी मागा. आपण पाठवलेल्या पॉलिसीच्या पानांवर व्यवसाय ‘व्यापार’ आणि उत्पन्न वार्षिक 12 लाख दिसते. आपला सातबारा आणि बेदाणा विक्रीच्या पावत्या यांच्याशी ते जुळत नसेल, तर हा विसंगतीचा पुरावा मोलाचा ठरेल. ध्वनिमुद्रणात मात्र आपण ‘होय, होय’ म्हटलेले असण्याची शक्यता आहे, कारण ‘फोन आला की फक्त होय म्हणा’ असे सांगितले जाते, आणि कंपनी त्याच ‘होय’वर बोट ठेवते.

पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करण्याची मुदत आपल्या बाबतीत उलटून गेली आहे. तेव्हा आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक आले, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) विनाशुल्क अर्ज करता येईल. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, कारण तक्रारदार राहतो तेथे दावा दाखल करता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर (म्हणजे आपण भरलेल्या रकमेवर) शुल्क नाही. तेथील मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे आहे. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल त्याच विषयाची तक्रार घेत नाहीत, हे लक्षात ठेवून क्रम ठरवा. दुसरा हप्ता भरण्यापूर्वी तक्रारीची पोच घेतलेली असावी, अन्यथा आपण पॉलिसी स्वेच्छेने चालू ठेवली, असा युक्तिवाद कंपनी करू शकेल.